उष्टा देठ

सौंसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. एकोणीसशे ऐंशी उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं घर पांढुर्ण्याचं. वडील मी लहान असतानाच गेले. माय लोकांच्या वावरात निंदणाला जायची, कापूस वेचायची, हंगामात संत्रा तोडायची. आमच्या बौद्ध वस्तीत विज्ञान घेऊन पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. नोकरी लागल्यावर मी सौंसरला एक खोली केली आणि मायला तिथे घेऊन आलो. तिला म्हटलं, आता घरी बस. ती आठ दिवस बसली, नवव्या दिवशी शेजारच्या बायांबरोबर खुरपं घेऊन निंदणाला गेली.

शाळेत पचनसंस्थेचा एकच तक्ता होता आणि त्यात जठराच्या जागी उंदरानं भोक पाडलं होतं. तरी नववीच्या वर्गाला तो धडा आवडत होता. मी त्यांना कोरडी भाकर घरून आणायला सांगितली आणि गिळू नका, नुसती चावत राहा म्हटलं. थोड्या वेळानं भाकर गोड लागायला लागली तेव्हा सगळा वर्ग एकमेकांकडे पाहायला लागला. लाळेनं पिठाची साखर होते, पचन तोंडातच सुरू होतं, हे त्यांच्या जिभेलाच कळलं.

त्या वर्गात एक मुलगी होती. रामाकोन्याकडून छोट्या लाइनच्या, नॅरोगेज गाडीनं यायची. घरचा संत्र्याचा बगीचा, घरात काका-बाबा एकत्र. ती प्रश्न विचारायची आणि उत्तर पटलं नाही तर बसायची नाही. मी लहान आतड्याची लांबी सांगितली तेव्हा ती उभी राहिली.

"सर, वीस फूट आतडं एवढ्याशा पोटात मावते कसं?"

"गुंडाळलेलं असतं."

"पण गुंतत नाही का?"

गुंतत का नाही, हे तक्त्यावरून सांगता येईना. तेव्हाच माझ्या डोक्यात खाटकाकडे जायचं आलं.

खाटीक म्हणाला, "श्रावण सुरू आहे, मास्तर. धंदा बसून राहिला. उद्या एकच बोकड कापतो. पहाटं या."

मी गेलो. बोकड कापताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं असं नाही, पण जवळून पाहिलं नव्हतं. त्यानं गुडघ्याखाली बोकडाची मान दाबली आणि एका घावात गळा उघडला. रक्त उडून माझ्या पायावर आलं. कापलेल्या गळ्यात दोन तोंडं दिसत होती. एक पांढरं, कड्याकड्यांचं, उघडंच राहिलेलं. दुसरं मऊ, मिटून बसलेलं. पांढऱ्या तोंडातून अजून श्वास येत होता आणि रक्ताचे बुडबुडे फुटत होते. खाटकानं सुरीच्या टोकानं दाखवलं, "हे वाऱ्याची नळी, हे चाऱ्याची नळी." मी मान डोलावली आणि भिंतीकडे जाऊन ओकलो. तो हसला नाही. पाणी दिलं आणि म्हणाला, "पहिल्यांदा होते असं."

हेडमास्तरांना मी आधी विचारलं होतं. ते म्हणाले होते, "झाकून आणा, झाकून न्या." मी त्या बोकडाचं आतडं, पोट आणि फुप्फुसं झाकणाच्या बादलीत आणली. ज्यांना पाहायचं नाही त्यांनी बाहेर बसावं असंही सांगितलं. सात-आठ जण बाहेर गेले. बाकीच्यांनी मिळून ते आतडं व्हरांड्यात पसरलं. व्हरांडा संपला, तिथून वळवून परत आणलं, तरी उरलंच. बोकडाला पोटाचे चार कप्पे असतात, माणसाला एकच, बोकडाचं आतडंही आपल्यापेक्षा खूप लांब, हे मी सांगत होतो. त्या मुलीनं आतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा उचलून उजेडात पाहिला आणि स्वतःच म्हणाली, "यानं बांधून ठेवलं आहे. म्हणून गुंतत नाही."

मग फुप्फुसं. मी पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडून आणला होता. तो वाऱ्याच्या नळीत बसवला, बोटांनी घट्ट धरला आणि फुंकलं. मिटून पडलेला काळपट गोळा हळूहळू उठला, गुलाबी झाला, त्याच्या कडा फुगल्या. मी तोंड काढलं तसा तो सुस्कारा टाकून बसला. मी सांगितलं की फुप्फुसाला स्वतःचं बळ नसतं. छाती आणि पोटाच्या मधला पडदा खाली ओढला जातो, बरगड्या वर उचलतात, छातीत जागा होते, म्हणून हवा आत येते. फुप्फुस नुसतं छातीच्या मागोमाग फुगतं.

"सर, मी फुकू का?" ती मुलगी पुढे आली होती.

देठ माझ्या हातात होता आणि त्याचं टोक माझ्या थुंकीनं ओलं होतं. मी थांबलो. आमच्या लोकांनी प्यायलेला पेला तिच्या घरी कसा धुतला जात असेल हे मला ठाऊक होतं. दुसरा देठ तोडून आणता आला असता, पपईचं झाड शाळेच्या मागेच होतं. पण वर्ग पाहत होता, आणि मला वाटलं, आता मी देठ बदलला तर आजवर शिकवलेलं सगळं खोटं. मी शर्टाच्या टोकानं देठ पुसला आणि तिला दिला. तिनं फुंकलं. फुप्फुस उठलं. ती इतकी हसली की श्वास सुटला.

दोन दिवस काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वावरांच्या बाजूच्या पांदणीतून खोलीकडे जात होतो. पाऊस पडून गेला होता, गाळ होता. तिघं जण बाभळीखाली उभे होते. एकाच्या हातात तुतारी होती, बैल हाकायची काठी. त्याला मी शाळेच्या फाटकावर पाहिलं होतं. तो त्या मुलीचा काका.

"तूच का तो फुप्फुस फुगवणारा?"

"हो. काय झालं?"

"आमच्या पोरीले आपलं उष्टं पाजतं? श्रावणात?" त्यानं जातीवरून शिवी दिली आणि तुतारी फिरवली.

पहिला फटका कानावर बसला. ऐकू येणं बंद झालं, नुसती शीळ वाजायला लागली. मी हात वर केला तेव्हा दुसरा फटका मनगटावर. दोघांनी मागून धरलं. मी सुटायला पाहिलं, एकाच्या हाताला चावलोही. त्याचं रक्त माझ्या तोंडात आलं. मग त्यांनी मला गाळात पाडलं. काका पायानं मारत होता. जाड वहाणेची टाच तो मोजून मारल्यासारखी एकाच जागी मारत होता, डाव्या बरगड्यांवर. आत काहीतरी मोडल्याचा आवाज मला कानानं आला नाही, दातांतून आला. मी कुशीवर वळलो तर टाच पोटात आली. एकदा, दोनदा, पुढचं मोजलं नाही. कोणीतरी माझे केस धरून तोंड गाळात दाबलं आणि म्हणालं, "फुक आता. फुक."

मी फुंकू शकत नव्हतो. घेऊही शकत नव्हतो.

पांदणीच्या पलीकडच्या वावरात निंदण चालू होतं. बायांनी ओरडणं ऐकलं. त्यांच्यात माझी माय होती, पण तिला आधी कळलं नाही की मार खाणारा मी आहे. ती दुसऱ्या कोणासाठी धावली. धुऱ्याचा बांध ओलांडल्यावर तिनं माझा शर्ट ओळखला. मग तिनं काही विचारलं नाही. हातातलं खुरपं तिनं काकाच्या हातावर मारलं. हात कोपराखाली उघडा पडला, पांढरं दिसलं, मग रक्त आलं. तो मागे फिरला तेव्हा तिनं पुन्हा मारलं, ते खांद्यावर निसटलं. बाकीच्या बायाही खुरपी घेऊन उभ्या राहिल्या. तिघं पळाले.

"बाबू, श्वास घे," माय म्हणत होती. "घे ना. कायले थांबला?"

मला बैलबंडीत टाकून दवाखान्यात नेलं. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला छातीत सुरी फिरत होती, पण ते दुखणं मोठं नव्हतं. मोठं हे होतं की मी हवा ओढत होतो आणि ती पोचत नव्हती. जितकी जोरात ओढावी तितकी छाती आतून भरून येत होती, आणि भरून आल्यावर पुढच्या श्वासाला जागाच राहत नव्हती. हातांची नखं निळी झालेली मी पाहिली. मला वाटलं, आता संपलं. मायचं काय होईल, एवढाच विचार आला. ज्ञान-बिन काही आठवलं नाही.

दवाखान्यातले डॉक्टर पूर्वी पांढुर्ण्याला होते. गोटमारीच्या दिवशी, दोन गावं एकमेकांवर दगड मारतात तेव्हा, फुटलेली माणसं शिवून शिवून त्यांचा हात बसला होता. त्यांनी माझ्या गळ्यावर बोट ठेवलं आणि कंपाउंडरला म्हणाले, "श्वासनळी उजवीकडं सरकून राहिली. मोठी सुई दे. लवकर."

"छातीचा फोटो काढायचा का, साहेब?"

"फोटो काढेपर्यंत हा राहत नाही."

त्यांनी गळ्याजवळच्या डाव्या हाडाखाली, दोन बरगड्यांच्या मधे, जाड सुई घुसवली. भूल नव्हती. सुई आत गेल्याबरोबर सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी हवा शिटी वाजवत बाहेर पडली. आणि मला श्वास आला. अर्धाच, वेडावाकडा, पण आला. माय खोलीच्या कोपऱ्यात उभी होती. तिच्या लुगड्यावर माझं आणि त्या माणसाचं दोघांचं रक्त होतं.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. मोडलेल्या बरगडीच्या टोकानं फुप्फुसाला भोक पाडलं होतं. मी घेतलेली हवा त्या भोकातून फुप्फुसाच्या बाहेर, छातीच्या पोकळीत जात होती आणि परत येत नव्हती. तिनं डावं फुप्फुस चेपून टाकलं होतं आणि हृदयाला उजवीकडं ढकललं होतं. श्वास घेण्याची माझी प्रत्येक धडपड मलाच मारत होती.

जीपनं नागपूरला, मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे छातीत बोटाएवढी रबरी नळी घातली आणि तिचं दुसरं टोक पलंगाखाली पाण्याच्या बाटलीत बुडवलं. मी खोकलो की बाटलीत बुडबुडे यायचे. पाण्यातून हवा बाहेर जाते, परत आत येऊ शकत नाही, इतकं सोपं ते होतं. श्वास घेतला की नळीतलं पाणी वर चढायचं, सोडला की उतरायचं. रात्रंदिवस मी तेच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी पोट फुगलं आणि लाकडासारखं कडक झालं. हात लावला तरी मी किंचाळत होतो. टाचेच्या माऱ्यानं लहान आतडं पाठीच्या मणक्यावर चेपून फाटलं होतं. ज्यानं अन्न पचायचं तेच पाणी आता पोटात मोकळं सांडून मला जाळत होतं. ऑपरेशन झालं. वीतभर आतडं कापून टाकलं आणि दोन्ही तोंडं जोडली. शुद्धीवर आलो तेव्हा नाकातून पोटात नळी होती आणि तिच्यातून हिरवं पित्त बाटलीत उतरत होतं.

पाणी प्यायचं नव्हतं. हे मारापेक्षा कठीण गेलं. माय कापसाचा बोळा ओला करून ओठांवरून फिरवायची आणि मी तो चोखायला पाहायचो. एकदा तिचं लक्ष नसताना मी दातांत धरून ठेवला, तिनं माझा जबडा दाबून तो काढला.

तरुण डॉक्टर रोज येऊन पोटाला कानातली नळी लावून ऐकायचे. आतडं मार खाल्ल्यावर, हात लावल्यावर गप्प होतं, त्याची पुढे ढकलण्याची हालचाल थांबते. ते ऐकत आणि म्हणत, "अजून बोलत नाहीये." मग विचारत, "वारा सरला का?"

पहिल्या दिवशी मला लाज वाटली. चौथ्या दिवशी मी स्वतः वाट पाहत होतो. पाचव्या दिवशी पहाटे पोटात गुडगुडलं, कळ आली आणि वारा सरला. मायनं ऐकलं आणि ती पलंगाला धरून खाली बसली आणि रडायला लागली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, काय झालं?" ती म्हणाली, "पोराचं पोट चालू झालं." त्या दिवशी मला चमच्यानं पाणी मिळालं. दोन दिवसांनी भाताची पेज.

दवाखान्यातच पोलिसांनी माझा जबाब घेऊन त्या तिघांवर केस केली होती. सौंसरला परतलो तेव्हा कळलं की काकानंही मायवर केस केली होती. खुरप्यानं जिवे मारायचा प्रयत्न. त्याचा हात नीट जुळला नव्हता, बोटं मिटत नव्हती. हेडमास्तर खोलीवर आले. बादलीला आपण परवानगी दिलीच नव्हती, असं ते ठाणेदारापुढे सांगून बसले होते.

"मिटवून घ्या," ते मला म्हणाले. "तुम्ही केस मागे घ्या, ते आईवरची घेतील. त्या बिचारीला या वयात तुरुंगात पाठवता का?"

मी मायकडे पाहिलं. मला खरंच मिटवून घ्यावं असं वाटत होतं. पोटावर टाके होते, जिना चढताना धाप लागत होती. माय चूल फुंकत होती. ती उठली नाही.

"मी मारलं," ती म्हणाली. "कोर्टात इचारलं तर तेच सांगीन. तूही आपलं सांग."

ठाणेदार शाळेत आला, वर्गासमोर उभा राहिला आणि हिंदीत म्हणाला, "नळी मास्टरने जबरदस्ती दी थी क्या? किसने देखा?" वर्ग खाली पाहत राहिला. मी दाराशी उभा होतो. काकानं लिहून दिलं होतं की मी मुलीला बळजबरीनं ते फुंकायला लावलं. ती मुलगी आठ दिवसांच्या गैरहजेरीनंतर त्याच दिवशी शाळेत आली होती, काय सांगायचं ते घरच्यांनी शिकवून पाठवलं असणार. ती उभी राहिली. बाकाला धरून ती बोलली.

"सरांनी नाही देला. मी मागितला. त्यांनी पुसून देला." मग थोडं थांबून, "काकानं घरी सांगतलं होतं का मास्तरले तोडतो. मी ऐकलं."

ठाणेदारानं ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. मी दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा निरोप नेणाऱ्यालाच त्यांनी हाकललं, तेव्हा मी थांबलो. मी स्वतः जायला हवं होतं का, याचा विचार मी अजून करतो. गेलो असतो तर पुन्हा मार बसला असता, आणि मला मार खायची भीती बसली होती. हे खरं आहे. पांदणीत पावलं वाजली की माझी डावी कूस आपोआप आवळायची.

केस तीन वर्षं चालली. मधे माझी बदली पांढुर्ण्याला झाली. तारखेला मी आणि माय बसनं सौंसरला यायचो. मायनं कोर्टात सांगितलं की मी मारलं आणि पुन्हा तसं झालं तर पुन्हा मारीन. वकिलानं कपाळाला हात लावला. शेवटी काकाला वर्षाची शिक्षा झाली, बाकीच्या दोघांना कमी. मायचा मार मुलाला वाचवण्यासाठी होता असं धरून तिला सोडलं. काका त्याच दिवशी जामिनावर घरी गेला, वर अपील झालं, आणि त्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

निकालाच्या दिवशी परतीच्या बसमध्ये गर्दी होती. मायला पुढे बायांच्या सीटवर जागा मिळाली, मला मागे. मोहगावच्या अलीकडे शेजारचा माणूस उतरला आणि त्या जागी दुसरा येऊन बसला. मुलीचे वडील. मारणाऱ्यांत ते नव्हते, पण कोर्टात ते प्रत्येक तारखेला भावाच्या बाजूला बसलेले असत.

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

"तिचं लग्न करून देलं," ते म्हणाले. "मोहगावले. आता तिच्याकडंच जाऊन राहिलो."

"ऐकलं होतं."

"पोरगी इचारते कधी कधी. म्हणते, सरांना जेवण पचते का आता."

मी म्हटलं, "पचते. थोडं थोडं खावं लागते. एकदम जास्त खाल्लं तर जोड दिलेल्या जागी कळ येते."

"सांगतो."

"तिले शाळेत राहू दिलं असतं तर तिनंच येऊन विचारलं असतं."

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. मोहगाव आलं तसे ते पिशवी घेऊन उतरले. उतरताना त्यांनी हात जोडले का पिशवी सावरली, ते गर्दीत मला नीट दिसलं नाही.

जागा झाली म्हणून माय मागे येऊन बसली.

"कोनाशी बोलून राहिला होता?"

मी सांगितलं.

"मंग तू बोलला कायले?" ती म्हणाली.

तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि पांढुर्णा येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.